मास्तरांचा पाय

१

मास्तरांचा उजवा पाय डोळस आहे, अशी गावभर ख्याती होती. ती पसरवली बव्हंशी मास्तरांनीच, पण म्हणून ती खोटी होती असं नाही.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या टपावर पाटी होती, मागच्या काचेवर 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' असं लिहिलेलं होतं, आणि आत स्टिअरिंग एकच असलं तरी ब्रेक आणि क्लच दोन-दोन होते. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी शेजारच्या सीटवर मास्तरांच्या पायाशी. खालून लोखंडी दांडीने दोन्ही जोड्या एकमेकींना बांधलेल्या. इकडचा ब्रेक दाबला की तिकडचाही खाली जाणार. जुळी भावंडं कशी, मार एकाला बसतो आणि गळा दोघं काढतात, तसं.

शिकणारा चुकला की मास्तरांचा पाय ब्रेकवर पडे. इतकी वर्षं पडे की आता त्या पायाला मास्तरांची गरजच उरली नव्हती. मास्तर पेपर वाचोत, चहा पिवोत, डुलकी काढोत, पाय वेळेवर पडायचाच. "डोळे हा नवशिक्याचा अवयव," ते म्हणत. "मुरलेला माणूस पायाने बघतो." आणि एवढं बोलून फोनमध्ये डोकं घालत.

फोनमध्ये डोकं घालायला कारणही तसंच होतं. त्यांच्या इमारतीचा एक ग्रुप होता, आणि त्या ग्रुपवर तळमजला होता. तळमजला हे माणसाचं नाव नव्हे, पण इमारतीत त्याला दुसरं नाव उरलं नव्हतं. हा गृहस्थ आपली गाडी रोज आखलेल्या रेघेवर एक चाक ठेवून लावायचा. आत नाही, बाहेर नाही, रेघेवर. विचारलं की म्हणायचा, "रेघ कुणाची, ते आधी ठरवा." असल्या माणसाला उत्तर देताना रस्त्याकडे कोण बघेल?

त्या दिवशी स्टिअरिंगवर दाताचे डॉक्टर होते. दुसऱ्यांच्या जबड्यात बिनधास्त हात घालणारा हा माणूस गिअरच्या दांडीला मात्र विंचवासारखा भ्यायचा. गाडी गोदामांच्या मागच्या रस्त्यावर होती. शिकवणाऱ्यांचा हा लाडका रस्ता: सरळ, खाली परीक्षेच्या मैदानाकडे जरासा उतरता, आणि दोन्ही बाजूंना गोदामांच्या पाठी. उंच, सलग भिंती. ना दार, ना खिडकी, ना गल्ली. वाहतूक म्हणाल तर शून्य.

मास्तर तळमजल्याला लिहीत होते, 'आपल्यासारख्या सुशिक्षित माणसाने', आणि तेवढ्यात पाय पडला.

गाडी जागच्या जागी थांबली. फोन उडून डॅशबोर्डवर आपटला. मास्तरांनी मान वर केली. समोर रस्ता होता आणि रस्त्यावर ऊन होतं. बाकी काही नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या ओठांवर 'चुकलं' हा शब्द आला होता. पण डॉक्टरांनीच घाम पुसत म्हटलं, "वाचवलंत, मास्तर. मला उशिराच दिसला हो तो."

"कोण?"

"तो काय. फोनमध्ये डोकं घालून आडवा चालला होता. इकडे बघितलंसुद्धा नाही."

मास्तरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. भिंत आणि भिंत.

"गेला कुठे मग?"

"गेला असेल तिकडे," डॉक्टर म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष क्लचवर होतं.

"या लोकांच्या हातात फोन देऊच नयेत!" मास्तर तडकले. "चालताना काय बघायचं असतं फोनमध्ये? चला, पहिला टाका." आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायला ते पुन्हा खाली वाकले.

२

दुपारी ताट वाढता वाढता बायकोने विषय काढला. ती विषय नेहमी पहिला घास तोंडात गेल्यावर काढत असे, म्हणजे समोरच्याला लगेच उत्तर देता येत नाही.

"छकुलीला कोण शिकवणार?"

छकुली म्हणजे मुलगी. बावीस वर्षांची घोडी झाली होती, पण घरात छकुलीच. तिला दूध तपासणीच्या केंद्रात नोकरी लागली होती. गोठ्यागोठ्यांतून फिरून दुधाचे नमुने आणायचे, गाडी केंद्राची, चालवायची आपण. परवाना हातात असेल तरच रुजू व्हायचं. परवाना नाही, तर यादीतली पुढची मुलगी तयारच होती.

"कोण म्हणजे? मी," मास्तर घास गिळून म्हणाले.

"तुम्ही शिकवणार की तळमजल्याशी भांडणार?"

"अगं, माझा पाय..."

"तुमच्या पायाचं कौतुक मला सांगू नका. मी लग्नाआधीपासून ऐकतेय. पाय तुमचा, पण पोरगी माझी आहे. ती गाडीत असताना फोन बाहेर दिसला, तर तिला मी चौकातल्या बाईंकडे घालीन शिकायला."

चौकात दुसऱ्या एक बाई गाडी शिकवायच्या. मास्तरांची पोरगी त्यांच्या गाडीत बसलेली गावाने बघायची, यापेक्षा गाव सोडून गेलेलं बरं.

"बाबा, खरंच हं," छकुली म्हणाली. "मला भीती वाटते तुमच्या शेजारी. तुम्ही मध्येच खाली बघून हसता. मला वाटतं माझंच काहीतरी चुकलं."

"हसत नाही मी. दात खातो."

"ते आणखी वाईट," मायलेकी एकदम म्हणाल्या.

मास्तरांनी शब्द दिला. शब्द द्यायला त्यांचं काय जात होतं?

३

शिंपीणबाईंना गाडी शिकवणं म्हणजे सुख होतं. जन्म शिलाईमशीनवर गेलेला, त्यामुळे पायांना कुठे किती दाबायचं ते सांगावं लागत नसे. सांगावं लागे ते तोंडाला. तोंडाला ब्रेक नव्हता.

"...तर मी तिला म्हटलं, बाई गं, माप माझं चुकलेलं नाही, तू सुटलीस..."

"आरसा बघा, ताई," मास्तर खाली मान घालून म्हणाले. तळमजल्याने ग्रुपवर रेघेचा फोटो टाकला होता. फोटोत रेघ वाकडी दिसत होती. हा माणूस फोटोही वाकडा काढतो!

पाय पडला.

या खेपेला मास्तर चिडले ते स्वतःच्या पायावरच. समोर तोच रस्ता, त्याच भिंती, तेच ऊन. माणसाचा मागमूस नाही. त्यांनी पायाला चक्क एक चापट मारली.

"पायाला कशाला मारता?" शिंपीणबाई म्हणाल्या. "त्या मेल्याला मारा. केवढ्या जवळून गेला! बंपरला शर्ट घासला असेल."

मास्तरांनी फोन हळूच मांडीवर ठेवला. "कोण गेला?"

"आता मी काय सांगू कोण. धुरकट रंगाचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. शिवण चांगली होती पण जुनी, असं कापड आता मिळत नाही. अन् मान अशी खाली, तळहातात बघत चाललेला."

"फोन बघत."

"तेच तर ना, मास्तर." शिंपीणबाईंनी स्टिअरिंगवरचा हात काढून तळवा स्वतःच्या तोंडासमोर धरला. "फोन नव्हता त्याच्या हातात. रिकामा तळवा. आणि रिकाम्या तळव्यावर अंगठा असा असा फिरवत होता. येडा असेल बिचारा."

"हात स्टिअरिंगवर ठेवा," मास्तर म्हणाले. आवाज जरा चिरका निघाला, म्हणून खाकरून त्यांनी तेच पुन्हा म्हटलं.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांनी गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री गाडीखाली गेला, दांडी ठोकून पाहिली, चारही पॅडल दाबून पाहिली आणि पाठीवर सरपटत बाहेर आला.

"घड्याळासारखी आहे. काय होतंय काय पण?"

"ब्रेक आपोआप लागतो."

"आपोआप, की तुम्ही लावता?"

"पाय लावतो."

"पाय कुणाचा?"

"माझाच रे! डोकं नको खाऊस."

"मग पायाच्या डॉक्टरकडे जा की. मी आपला लोखंडाचा माणूस." तरी त्याने गाडी बाहेर काढली, मास्तरांना शेजारी बसवलं आणि गोदामांच्या रस्त्याला फेरी मारून आणली. मिस्त्री शेजारी असल्यामुळे मास्तरांनी फोन काढला नाही. डोळे ताणून रस्ता बघत बसले. पाय गुमान पडून राहिला. रस्त्यावर काळं कुत्रं आलं नाही.

"बघा," मिस्त्री म्हणाला. "आहे का काही?"

४

मास्तर काही भित्रे नव्हते. पण डोक्यात एकदा प्रश्न शिरला की तो दाढेतल्या फोडणीच्या मोहरीसारखा छळतो. त्यांनी हिशेब मांडला. फोन बघतो तेव्हा पाय पडतो. बघत नाही तेव्हा पडत नाही. म्हणजे काय? म्हणजे सवय. लक्ष दुसरीकडे असताना पायाला धसका बसतो, आणि गाडीला हिसका बसल्यावर शिकणाऱ्याला काहीतरी दिसल्यासारखं वाटतं. घाबरलेल्या माणसाला काय हवं ते दिसतं. झालं. सुटलं.

सुटलं म्हटल्यावर पडताळा आलाच. पुढच्या सकाळी डॉक्टर स्टिअरिंगवर बसले. गोदामांचा रस्ता लागला. मास्तरांनी मुद्दाम, अगदी ठरवून, फोन काढला आणि मान खाली घातली. तळमजल्याने रात्रीतून बरंच लिहून ठेवलं होतं. 'काही सभासदांचा वेळ शिकवण्यात कमी आणि लिहिण्यात जास्त जातो, असं ऐकतो.' मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते लिहायला लागले.

पाय पडला नाही.

गाडी एका लयीत चालली होती. मास्तरांना मनात हसू आलं. बघ लेका, सुटलं. पाय ब्रेकवर हलका ठेवलेला होता, आणि त्यात हिसका नाही, धसका नाही, काही नाही. इतका शांत तो कित्येक वर्षांत नव्हता.

मग गाडी डुचमळली आणि आचके देत बंद पडली. डॉक्टरांनी क्लच न दाबताच ब्रेक मारला होता.

"डॉक्टर! किती वेळा सांगायचं, क्लच..."

डॉक्टर मास्तरांकडे बघत नव्हते. मास्तरांच्या पलीकडच्या काचेकडे बघत होते. त्यांचा चेहरा भूल दिलेल्या पेशंटसारखा सैल पडला होता.

"तो चालत होता," डॉक्टर म्हणाले. "शेजारून."

"कोण?"

"आपण तिसऱ्या गिअरमध्ये होतो, मास्तर. तो चालत होता. पळत नव्हता. चालत."

मास्तरांनी काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे भिंत होती.

"तुमच्या काचेशी वाकला होता," डॉक्टर हळू आवाजात सांगत राहिले, पुन्हा सांगावं लागू नये म्हणून एकदाच नीट सांगतात तसं. "मी दिवसभर लोकांच्या तोंडात वाकतो. माझी मान किती वाकते ते मला ठाऊक आहे. एवढी मान माणसाची वाकत नाही."

"वाकून काय करत होता?" मास्तरांनी चिडून विचारलं. चिडल्यावर बरं वाटतं.

"तुमचा फोन वाचत होता. ओठ हलत होते त्याचे."

मास्तरांनी फोन पालथा घातला. का घातला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बरं. मग गेला कुठे?"

डॉक्टरांनी सावकाश पट्टा सोडला. दार उघडलं. एक पाय बाहेर टाकला.

"गेला, असं मी म्हटलंच नाही," ते म्हणाले, आणि गाडी, मास्तर आणि भरलेली फी तिथेच सोडून चढावरून घराकडे चालायला लागले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

५

त्या दिवसापासून फोन घरी राहू लागला. बायको रोज स्वतः तो मास्तरांच्या हातातून काढून घेई आणि कपाटावर ठेवी. मास्तर कुरकुरत, पण आतून सुटल्यासारखं वाटे.

छकुली गाडी छान शिकली. आईसारखी हट्टी आणि बापासारखी चिडकी, म्हणजे रस्त्यावर लागतो तेवढा ऐवज जन्मजातच होता. मास्तर समोर बघत. खरोखर समोर. आणि समोर बघायला लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की कितीतरी वर्षांत आपण हा रस्ता बघितलेलाच नाही. गोदामांच्या भिंतींना नवा रंग कधी दिला? मैदानाच्या फाटकाशी झाड होतं, ते कधी कापलं?

आणखीही एक गोष्ट ध्यानात आली, पण ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. पाय मेला होता. छकुली वळणावर चुकली, तेव्हा मास्तरांनी बघितलं, ठरवलं, आणि मग दाबलं. आपणहून पाय पडला नाही. जणू त्याची ड्यूटी कुणीतरी काढून घेतली होती.

आणि सीट. सकाळी गाडीत बसताना त्यांची सीट कोमट लागायची. कुणीतरी आताच उठून गेल्यासारखी. गाडी रात्रभर सावलीत, कुलूप लावलेली, किल्ली खुंटीवर. शिकणाऱ्याची सीट गार आणि मास्तरांची कोमट.

"इंजिनची धग असेल," ते स्वतःशीच म्हणाले. रात्रभर बंद असलेल्या इंजिनला धग कुठली, हे विचारायला सुदैवाने मिस्त्री शेजारी नव्हता.

६

परीक्षेच्या दिवशी सकाळीच इमारतीत रेघेवर मतदान होतं. ग्रुपवर. हो किंवा नाही, दुपारच्या आत. आता यात मास्तरांनी काय करायचं? इतका काळ भांडायचं आणि ऐन मतदानाच्या दिवशी मैदान तळमजल्याला मोकळं सोडायचं?

"फोन?" बायकोने दारात हात पुढे केला.

"कपाटावर ठेवला मघाशीच," मास्तर बेधडक म्हणाले. फोन बनियनच्या आत, पोटाशी होता. चपट्या बाळासारखा.

बायकोने छकुलीच्या केसांवरून हात फिरवला. "सावकाश जा गं. आणि यांच्यावर विसंबू नकोस."

गोदामांचा रस्ता लागला तशी छकुली मोकळी झाली. खाली, उताराच्या टोकाला, मैदानाचं फाटक दिसत होतं. परीक्षेला आलेल्यांची रांग लागायला सुरुवात झाली होती.

"बाबा, मागे गाडी घेताना कोणत्या आरशात आधी बघू?"

"तिन्हीत," मास्तर म्हणाले. फोन पोटावर थरथरला. एकदा. मग पुन्हा. मग थांबेचना.

ते मास्तरांनी केलं नाही, सवयीने झालं. हात बनियनमध्ये गेला. आता काही होत नाही, मागच्या वेळी पायसुद्धा पडला नव्हता. एवढं एकच बघायचं. फोन गुडघ्यापाशी धरून त्यांनी मान खाली घातली.

तळमजल्याने लिहिलं होतं, 'गप्प बसणाऱ्यांची संमती गृहीत धरू.'

गृहीत! मास्तर लिहायला लागले. अंगठा चालला, दात कराकरा वाजले, आणि भोवतीचं सगळं पार दूर गेलं. गाडी कधी थांबली ते त्यांना कळलंसुद्धा नाही. थांबली ती लोण्यासारखी. ना हिसका, ना आचका. मुरलेल्या माणसाने थांबवावी तशी.

"छान थांबवलीस," मास्तर मान वर न करता म्हणाले.

"मी कुठे? तुम्हीच थांबवलीत."

"काहीतरीच काय."

"बाबा, रस्ता रिकामा आहे, मी कशाला थांबवू? पाय काढा ना!" छकुली वैतागली. तिने गॅस दिला. इंजिन नुसतं ओरडलं, गाडी तसूभर हलली नाही. "क्लचही दाबून ठेवलाय तुम्ही. उशीर होतोय! आणि हातात काय आहे तुमच्या? आईला सांगितलं होतंत ना कपाटावर ठेवलाय म्हणून?"

मास्तरांनी खाली पाहिलं.

त्यांचे दोन्ही पाय सीटखाली मागे ओढलेले होते. घोटे एकमेकांत गुंतवून, आरामात बसल्यावर ठेवतात तसे. किती वेळापासून, कोण जाणे. त्यांच्या पुढ्यातले ब्रेक आणि क्लच जमिनीला टेकले होते.

"तुझे पाय दाखव," ते म्हणाले.

"काय?"

"वर घे. दोन्ही."

छकुलीने चिडून दोन्ही गुडघे स्टिअरिंगपर्यंत वर घेतले. "हे बघा! आता?"

पॅडल खालीच राहिली.

मास्तरांनी आपला उजवा पाय हळूहळू पुढे नेला. ब्रेकपर्यंत पोचलाच नाही. मध्येच अडला. कशाला, ते त्यांनी बघितलं नाही. पण जे लागलं ते लोखंड नव्हतं, आणि ते कोमट होतं.

आणि त्यांच्या हातातला फोन चालू होता. अंगठा मास्तरांनी केव्हाच उचलला होता, तरी पान वर सरकत होतं. सावकाश. एका लांब मजकुरापाशी थांबलं. वाचायला लागतो तेवढा वेळ थांबलं. मग पुन्हा सरकलं. मास्तर असेच वाचत. लांब मजकूर दोनदा, राग गिळत गिळत.

दुसऱ्यांदा पान थांबलं, तेव्हा ब्रेकचं पॅडल किंचित वर आलं.

गाडी उताराला कुरकुरली.

हे मास्तरांच्या ओळखीचं होतं. बघणारा रंगला होता. पायाचं त्याला भान उरलं नव्हतं. आता आणखी एक मजकूर, तळमजल्याचं आणखी एखादं वाक्य, आणि पॅडल सुटणार. शेजारी कुणाची पोर बसली आहे, समोर कोण येतंय, काही त्याला दिसणार नव्हतं. मास्तरांना तरी कुठे दिसायचं?

त्यांनी दोन सीटांमधला हँडब्रेक खसकन वर ओढला.

"बंद कर गाडी. किल्ली काढ. उतर."

"बाबा, परीक्षा..."

"उतर म्हणतो ना!"

असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती उतरली. मास्तरांनी फोन बंद केला नाही. तो त्यांनी सीटवर अलगद ठेवला, काच वर करून, झोपलेल्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा, आणि आपण दाराबाहेर सरकले. दार लावलंसुद्धा नाही, आवाज होईल म्हणून.

"फोन राहिला तुमचा," छकुली म्हणाली.

"राहू दे. वाचतोय तो."

"कोण वाचतोय?"

"हळू बोल. चल. पळू नको, चालत चल."

ते चालायला लागले, उताराने खाली, फाटकाकडे. मास्तरांनी लेकीचा हात धरला होता. तो तिने लहानपणानंतर आज पहिल्यांदाच सोडवून घेतला नाही. पण तोंड चालूच होतं. गाडीशिवाय परीक्षा कशात देऊ? साहेबांना काय सांगू, गाडी वर ठेवून आलोय म्हणून? नोकरी गेली तर कोण जबाबदार? मास्तर हुं हुं म्हणत होते. बोल, पोरी, बोल. घरी जाईपर्यंत बोल. त्यांच्या मनात एकच होतं: ज्याचं डोकं फोनमध्ये आहे, त्याच्या शेजारून हत्ती गेला तरी त्याला कळत नाही. तो मान वर करायच्या आत आपण लांब जायचं.

बरंच अंतर काटलं. फाटकावरची माणसं आता वेगवेगळी दिसायला लागली.

मागून 'कट्' असा बारीक आवाज आला.

तो आवाज मास्तरांनी झोपेतही ओळखला असता. हँडब्रेक सुटल्याचा. त्यानंतर इंजिनचा आवाज नाही, काही नाही. फक्त टायरखाली खडे चुरडल्याचा. आधी एकेक. मग भरभर.

मास्तरांनी विचार केला नाही. त्यांनी छकुलीला ओढून भिंतीशी दाबलं आणि स्वतः तिच्यावर पालथे पडल्यासारखे उभे राहिले, गाल भिंतीच्या नव्या रंगावर, डोळे रस्त्याकडे. पांढरी गाडी आवाज न करता आली. उघडं दार हातभर अंतरावरून गेलं, वाऱ्याने त्यांचा शर्ट हलला. स्टिअरिंगपुढे कोणी नव्हतं. शेजारच्या सीटवर, फोनच्या उजेडात, फक्त एक मानेचा मागचा भाग दिसला. गळ्यापर्यंत बंद कॉलर, आणि त्यापुढे खाली, आणखी खाली वाकत गेलेली मान. डोकं कुठवर खाली गेलं होतं, ते दारामुळे दिसलं नाही.

गाडी पुढे गेली.

मास्तरांनी छकुलीचे हात चाचपले, खांदे चाचपले. शाबूत होती.

"बाबा," ती कुजबुजली, "त्याने आपल्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

मास्तर उताराकडे बघत होते. गाडीने वेग घेतला होता आणि मागचे ब्रेकचे दिवे काही लागत नव्हते. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि घसा फाडून ओरडत खाली धावायला लागले.

फाटकाशी रांग आता चांगलीच लांब झाली होती. रस्त्यापर्यंत आली होती. आपला नंबर येईपर्यंत करायचं काय, म्हणून रांगेतल्या बहुतेकांच्या माना खाली होत्या.